देवळालीचा ताप

मी मूळची नाशिकरोडची, गेली अकरा वर्षं लीड्सला. परवा ऑफिसच्या कँटीनमधे सोबतची बाई वैतागून म्हणाली, माझं वॉशिंग मशीन पार डूलॅली झालंय. म्हणजे वेड लागलंय त्याला. मी म्हटलं अगं हे माझ्या मावशीच्या गावाचं नाव आहे, तिला खरंच वाटेना, मग फोनवर नकाशा काढून दाखवला, मुंबईकडून येताना नाशिकरोडच्या अलीकडचं स्टेशन, देवळाली.

१८६१ मधे इंग्रजांनी तिथे लष्करी कॅम्प केला. मुदत संपलेले गोरे सोल्जर घरी जायला तिथे येऊन थांबायचे, पण सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्चच सुटायच्या, त्यामुळे शेवटची बोट हुकली की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा बराकीत काढायचा. हाताला काम नाही, दारू, मलेरिया, आणि डोक्यात सतत घर. त्यात कुणी भलतंसलतं वागायला लागला की बाकीचे म्हणायचे याला डूलॅली टॅप झालाय. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, उर्दू-फारसीतला तप, आपल्या तापाचाच भाऊबंद! पुढे टॅप गळून पडला आणि नुसतं डूलॅली उरलं.

आता आमच्या घरच्या ग्रुपवर रोज वाद, मराठीत इंग्रजी शब्द किती घुसले, अभिजात दर्जा मिळून काय उपयोग वगैरे. मला ती कळकळ पटते पण रोख चुकतोय असं वाटतं. मावशी आयुष्यभर "जरा कॅम्पात जाऊन येते" म्हणत आली, त्यानं तिची मराठी तसूभरही कमी झाली नाही, कारण कॅम्पला तिनं सरळ आपली विभक्ती लावली. इंग्रजीनं देवळालीचं तेच केलं. माझी काळजी वेगळी आहे, माझा मुलगा मावशीशी फोनवर बोलतो तेव्हा मधे एखादा इंग्रजी शब्द येत नाही, अख्खं वाक्यच इंग्रजी येतं, आणि हल्ली नाशिकची भाचरंही तशीच बोलतात. शब्द येऊ देत, पण वाक्य मराठी राहिलं पाहिजे, त्यासाठी घरात रोज बोललं पाहिजे, मी आता रात्रीचं जेवण फक्त मराठीत असं ठरवलंय आणि पाळतेय.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिनं शब्दाचं काही विचारलंच नाही, म्हणाली, "मग ती पोरं गेली का गं घरी?"

बरीचशी गेली, म्हटलं, बोट आल्यावर.