म्हणे खरा वाचक ई-रीडर घेतच नाही!

हा मेसेज तुमच्याकडे आला असेलच, नसेल आला तर येईल. थोडक्यात मजकूर असा: स्क्रीन ती स्क्रीनच, त्यामुळे ई-रीडरने (म्हणजे फक्त पुस्तकं वाचायला केलेलं किंडलसारखं मशीन) डोळे मोबाईलइतकेच जातात. रात्री त्यावर वाचलं की झोप उडते आणि हे म्हणे संशोधनाने सिद्ध झालंय. स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात राहत नाही. ई-रीडरमुळे कागदासाठीची झाडतोड टळते ही निव्वळ थाप. पुस्तक शंभर वर्षं टिकतं आणि हे डबडं दोन वर्षांत कचऱ्यात जातं. आणि शेवटी निकाल, की खरा वाचक ई-रीडर घेतच नाही.

माझ्याकडे दोन्ही आहे, कपाटभर पुस्तकं पण आणि ई-रीडर पण, आणि मला कुणाला काही विकायचं नाहीये. पण या मेसेजची गंमत अशी की जे मुद्दे छाती ठोकून मांडलेत ते बरेचसे मोबाईल आणि टॅबलेटचे आहेत, आणि ई-रीडरविरुद्ध जो खरोखर बिनतोड मुद्दा आहे तो या पठ्ठ्याने घातलेलाच नाही. तो शेवटी मीच घालतो.

आधी डोळे. मोबाईलची स्क्रीन स्वतः उजेड फेकते, सरळ तुमच्या तोंडावर. ई-रीडरचा पडदा असतो ई-इंकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचा, आणि त्याचं काम वेगळं असतं. त्या पडद्यात केसाच्या जाडीच्या बारीक बारीक कुप्या असतात, प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे आणि काळे कण, दोघांचा विद्युतभार एकमेकांच्या उलटा. खालून व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसरे तळाला जातात, काळे वर आले तिथे अक्षर दिसतं आणि पांढरे वर आले तिथे कोरा कागद. एकदा कण जागेवर बसले की चित्र टिकवायला वीज लागतच नाही, म्हणून तर बॅटरी पार संपली तरी शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहतं आणि लोकांना वाटतं मशीन चालू आहे. भर उन्हात घेऊन बसा, मोबाईल दिसेनासा होतो आणि हे जास्तच स्पष्ट दिसतं, कारण तुम्ही बघताय तो पडद्यावर पडून परत आलेला उजेड, कागदावर बघता तसाच. "मग त्यात लाइट असतो त्याचं काय?" असतो ना, पण ते एलईडी कडेला बसवलेले असतात आणि वरच्या पातळ थरातून उजेड पानावर टाकतात, मागून डोळ्यात नाही. नको असेल तर बंद करा आणि टेबललॅम्प लावा. या सगळ्यात नवीन काही नाही, ई-इंक कंपनी १९९७ मध्ये एमआयटीतून निघाली, सोनीने असा पडदा असलेला रीडर २००४ मध्ये जपानमध्ये आणला, ॲमेझॉनचं किंडल २००७ चं. इतकी वर्षं झाली तरी "स्क्रीन ती स्क्रीनच" चालूच आहे.

बाय द वे, मोबाईलबद्दल पण "डोळे जातात" हे फुगवलेलंच आहे. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची जी मोठी संस्था आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, तिचं म्हणणं आहे की स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही. डोळे थकतात, कोरडे पडतात, ते आपण पापण्या कमी मिटतो आणि तासन् तास जवळ बघत बसतो म्हणून, आणि एकटक वाचलं तर पुस्तकानेही थकतात. एक सावधगिरी मात्र बाळगा, ई-रीडर या नावाखाली साधे एलसीडीवाले टॅबलेट पण विकतात, खोक्यावर ई-इंक किंवा ई-पेपर लिहिलंय का ते बघा, नाहीतर घेऊन आल्यावर मेसेजवाल्याचंच बरोबर वाटायला लागेल.

आता झोप. हे "सिद्ध झालेलं संशोधन" खरोखर आहे, ते मी नाकारत नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये पीएनएएस या जर्नलमध्ये आलं, आणि शीर्षकात "प्रकाश फेकणारे ई-रीडर" असे शब्द आहेत, तिथेच सगळा घोळ झाला. कारण आत जाऊन बघितलं की कळतं, लोकांच्या हातात दिला होता आयपॅड! ब्राइटनेस फुल, खोलीत उजेड मंद, झोपण्याआधी रोज चार चार तास वाचन, आणि एकूण माणसं १२. त्यांना झोप लागायला छापील पुस्तकापेक्षा साधारण दहा मिनिटं जास्त लागली. आयपॅडबद्दल हे ठीक आहे, मान्य. पण ज्या पडद्यात स्वतःचा उजेडच नाही, किंवा आहे तो तुम्ही अगदी कमी ठेवलाय, त्याच्या गळ्यात हा निकाल बांधायचा म्हणजे अतीच झालं. शीर्षक वाचायचं आणि फॉरवर्ड करायचं, पुढे काय लिहिलंय ते बघायचंच नाही, आणि वर आपण "खरे वाचक".

डोक्यात राहत नाही, या मुद्द्यावर मात्र मी जरा थांबतो, कारण यात तथ्य आहे, फक्त मेसेजमध्ये आहे तेवढं आणि तसं नाही. २०१८ मध्ये एक मोठा आढावा निघाला, २००० ते २०१७ मधले ५४ अभ्यास एकत्र केलेला, दीड लाखाच्या वर वाचक. त्यात कागदावर वाचणारे समजण्यात थोडे पुढे होते हे खरं. पण हा फरक माहितीपर मजकुरात दिसला, वेळ मोजून वाचायला लावलं तर जास्त दिसला, आणि नुसत्या गोष्टी-कथांमध्ये दिसलाच नाही. शिवाय "स्क्रीन" म्हणजे त्यात कॉम्प्युटर पण आला आणि हातातली उपकरणं पण आली, सगळं एकाच पोत्यात.

खास ई-रीडरवरचा अभ्यास हवा तर २०१९ चा एक आहे. ५० जण, अर्ध्यांना तीच रहस्यकथा छापील पुस्तकात आणि अर्ध्यांना किंडलवर, २८ पानं, तासाभराचं वाचन. बहुतेक चाचण्यांमध्ये दोघंही सारखेच. पण कुठली घटना आधी घडली आणि कुठली नंतर, आणि अमुक प्रसंग मजकुरात साधारण कुठे होता, इथे किंडलवाले मागे पडले. मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. छापील पुस्तकात डाव्या हाताखालची जाडी वाढत जाते, उजवीकडची कमी होते, "ते डाव्या पानावर खाली कुठेतरी होतं" हे न ठरवताच लक्षात राहतं. ई-रीडरवर प्रत्येक पान त्याच जागी येतं, जाडी तीच, वजन तेच, खाली कोपऱ्यात "४३ टक्के" लिहिलेलं, त्याने काय अंदाज येणार डोंबल. कादंबरीत दोनशे पानांपूर्वी आलेलं एखादं पात्र परत उगवलं की मी छापील पुस्तकात बोट घालून मागे चाळतो आणि सापडतं, ई-रीडरवर नाव टाइप करून शोधावं लागतं, ते सापडतंही चटकन, पण नावच आठवत नसेल तर बसा पुढची-मागची पानं टकटक करत, प्रत्येक टकटकीला पडदा क्षणभर लुकलुकतो आणि कधी आधीच्या पानाची फिकी सावली मागे राहते.

म्हणजे प्रश्न "कागद की स्क्रीन" असा एकदाच आणि कायमचा विचारण्यात अर्थ नाही, कुठलं पुस्तक ते विचारा. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सरळ वाचत जायची कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन असेल तर ई-रीडर झकास, त्यातही हजार पानांचा ठोकळा असेल तर आडवं पडून हातात धरायला तोच बरा. परीक्षेचा अभ्यास, नकाशे, तक्ते, मोठी चित्रं, तळटीपांनी गच्च भरलेला इतिहास, मागेपुढे उड्या मारत वाचायचं काहीही, तिथे कागद. आणि ज्यांना बारीक टाइप दिसत नाही त्यांना अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ही तर कागदाला न जमणारी गोष्ट आहे. मेसेजवाल्याच्या हिशोबात ती मंडळी खरे वाचक नसावीत बहुतेक.

झाडांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही, कारण दोन्ही बाजूचे लोक सोयीचे आकडे फेकतात. २००९ चा एक रिपोर्ट होता, एका किंडलच्या पूर्ण आयुष्याचं कार्बन १६८ किलो आणि एका छापील पुस्तकाचं सरासरी साडेसात किलोच्या आत-बाहेर, म्हणजे साधारण २३ नवी पुस्तकं टळली की बरोबरी. आकडे जुने आहेत, पण हिशोबाची पद्धत समजायला पुरेत. वर्षाला दोन पुस्तकं वाचणाऱ्याने पर्यावरणाच्या नावाने ई-रीडर घेऊ नये, भरपूर नवी पुस्तकं विकत घेणाऱ्याला तो परवडतो, आणि लायब्ररीतून आणून वाचणारा दोघांच्या पुढे. त्यामुळे "थाप" पण नाही आणि पुण्यकर्म पण नाही.

टिकण्याचं बघू. पुस्तक शंभर वर्षं टिकतं, पण कुठलं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद वापरात आला आणि तो अनेक दशकं चालला, अशी पुस्तकं आधी पिवळी, मग तपकिरी, मग दुमडलं की कोपरा हातात. आम्लरहित कागदाचं पुस्तक जपलं तर टिकतं, हो. आणि ई-रीडर दोन वर्षांत जातो हे मी तरी मान्य करणार नाही, पडद्याला वीज पान बदलतानाच लागते, मग वायफाय बंद ठेवलं आणि लाइट कमी ठेवला तर एका चार्जवर आठवडेच्या आठवडे जातात, साहजिकच बॅटरीवर ताण कमी पडतो. पण शंभर वर्षांची गोष्ट काढलीत तर तिथे पुस्तकच जिंकणार, वादच नाही.

आणि आता तो राहिलेला मुद्दा. मशीन टिकेल हो, पण त्यातलं पुस्तक तुमचं आहे का? बहुतेक मोठ्या दुकानांच्या अटी वाचा, तुम्ही पुस्तक विकत घेत नाही, वाचण्याचं लायसन्स घेता. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली, पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेल्या टिपा निरुपयोगी होऊन बसल्या, पुस्तकच नाही तर टिपा कशाच्या? आणि त्यातलं एक पुस्तक "१९८४" होतं, म्हणजे सरकार नकोसा मजकूर पुसून टाकतं अशी कादंबरी, हा विनोद कुणी मुद्दाम रचला असता तर लोक म्हणाले असते फार ओढूनताणून केलाय. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकचं दुकानच बंद केलं, सगळी पुस्तकं गायब, पैसे परत, आणि ज्यांनी टिपा लिहिल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकायची सोय काढून घेतली. छापील पुस्तक दुकानदार बुडाला तरी तुमच्या कपाटात राहतं, मित्राला देता येतं (परत येत नाही ती गोष्ट वेगळी), जुन्या बाजारात विकता येतं, मुलांना ठेवता येतं. हे घाला ना मेसेजमध्ये, मी पण फॉरवर्ड करीन.

म्हणून माझी रीत साधी आहे. एकदा वाचून बाजूला पडणार असं वाटतं ते ई-रीडरवर, परत परत उघडणार असं वाटतं ते छापील, आणि डिजिटलच घ्यायचं तर शक्यतो डीआरएमचं (कॉपी करता येऊ नये म्हणून दुकानाने घातलेलं) कुलूप नसलेली इपब (ई-बुकचा एक सर्रास चालणारा प्रकार) फाइल, जी दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरही उघडते, आणि तिची एक कॉपी वेगळी ठेवलेली. आणि हो, कुणी मुख्यतः पीडीएफ वाचायला म्हणून सहा इंची घेत असेल तर थांबा, पीडीएफचं पान छापल्यासारखं पक्कं असतं, अक्षर मोठं केलं की ओळी नीट जुळून येत नाहीत, पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. त्यासाठी दहा इंची तरी बघा, नाहीतर सरळ प्रिंट काढा.