‘साधी गाठ परत येत नाही’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज: ‘मेंदूतली गाठ बिनाइन, म्हणजे साधी असेल तर ऑपरेशननंतर विषय संपला. परत आलीच तर सर्जनने अर्धवट काढली किंवा चाकू लागून कॅन्सर झाला असं समजा. दरवर्षीचा एमआरआय हा पैसे उकळायचा धंदा.’

‘विषय संपला.’ साधी गाठ हळू वाढते आणि सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, इतकंच. मेंदूच्या आवरणातून उगवणारी मेनिन्जिओमा घ्या. न्यूरोसर्जन डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्येच दाखवून दिलं होतं की गाठ, तिला चिकटलेलं आवरण आणि खराब झालेलं हाड सगळं काढूनही सुमारे ९ टक्के रुग्णांत ती परतते. गाठीचा भाग मागे राहिला तर प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं.

‘अर्धवट काढली.’ काढली असेलही, आणि मुद्दाम! डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी कॅव्हर्नस सायनस (नाकातला नव्हे, शिरेच्या रक्ताची पोकळी) असतो. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी त्यातूनच जाते, डोळा फिरवणाऱ्या नसाही तिथूनच. गाठ तिथे घुसली असेल, तर शेवटचा कण खरवडायच्या नादात पेशंटला एकाचे दोन दिसू लागतील, नाहीतर पक्षाघात. कानाच्या नसेवरच्या श्वानोमा या साध्या गाठीत चेहऱ्याची नस गाठीवर ताणून चपटी झालेली असते. तोंड वाकडं होऊ नये म्हणून तिच्यालगतचा गाठीचा पातळ थर सोडतात आणि वाढलाच तर गॅमा नाइफ (नावात चाकू असला तरी हे नेमक्या जागी दिलेलं रेडिएशन) देतात. (ढिसाळ ऑपरेशनंही होतात. पण ते ऑपरेशन नोट वाचून ठरवायचं, फॉरवर्ड वाचून नव्हे.)

‘चाकूने कॅन्सर.’ नाही. परतलेली गाठ बहुतेकदा आधीच्याच ग्रेडची (गाठ किती आक्रमक आहे त्या पायरीची) असते. क्वचित ग्रेड वाढते, ती पेशींतल्या जनुकीय बदलांमुळे.

‘एमआरआयचा धंदा.’ खर्च खरा आहे, खिशाला चटका बसतोच. पण ही गाठ दहा वर्षांनीही डोकं वर काढू शकते आणि फिट येईपर्यंत बरीच मोठी झालेली असते. लहान असताना सापडली तर पुष्कळदा रेडिएशनवर किंवा नुसतं लक्ष ठेवून भागतं. साध्या मेनिन्जिओमात साधारणपणे पहिली पाच वर्षं दरवर्षी, मग दोन वर्षांनी स्कॅन करतात. त्यातला ऑपरेशननंतरचा पहिला स्कॅन सर्वांत मोलाचा. फिल्मसोबत त्याची सीडीही जपून ठेवा. पुढे एखादा ठिपका चमकला तर तो जुना व्रण की नवी वाढ, हे रेडिओलॉजिस्ट त्याच्याशीच ताडून पाहतात.