‘डावखुरा’ यांस उत्तर: झोन डावीकडे वळते, पण कुणाच्या?

डिस्क गोल्फ म्हणजे उडती चकती (डिस्क) फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. त्यातल्या अप्रोच डिस्कवर, म्हणजे बास्केटच्या जवळ पोहोचवणाऱ्या डिस्कवर, मागे मी लेख लिहिला आणि नवख्यांना ‘झोन’ ही डिस्क सुचवली. त्या लेखावर ‘डावखुरा’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी चांगलीच झोड उठवली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नवख्याला झोनसारखा ओव्हरस्टेबल, म्हणजे शेवटी हमखास एका बाजूला वळणारा, पटर (जवळच्या फेकीची डिस्क) घ्यायला सांगणं म्हणजे त्याच्या हाताला वाईट वळण लावणं. शिवाय ज्याचा हात हळू, त्याच्या हातून सगळ्याच डिस्क ओव्हरस्टेबल वागतात, मग तशी वेगळी विकत कशाला घ्यायची? आणि तिसरं, ‘ती शेवटी डावीकडे वळते’ असं सरसकट लिहून मी जगातल्या तमाम डावखुऱ्यांना खेळाबाहेर काढलं.

तिसऱ्या मुद्द्यावर मी आधीच शरण येतो. चूक झाली. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकली की डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि शेवटी डावीकडे पडते. तुमची उलटी फिरते, उलटीकडे पडते. गंमत म्हणजे माझा फोरहँड (हात अंगाच्या बाजूने पुढे आणून केलेली फेक) तुमच्या बॅकहँडसारखाच फिरतो, त्यामुळे माझी अर्धी डिस्क गोल्फ डावखुरीच आहे म्हणायची.

दुसरा मुद्दा मात्र मला सहज सोडवत नाही, कारण तो अर्धा खरा आहे. डिस्कवरचे चार आकडे म्हणजे वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. डिस्क्राफ्ट कंपनीच्या झोनला 4, 3, 0, 3 दिलेत. इनोव्हाच्या एव्हिएर या सरळ जाणाऱ्या पटरला 2, 3, 0, 1. हे आकडे प्रत्येक कंपनी आपल्या अंदाजाने देते आणि ती डिस्क पुरेशा वेगाने फेकली जाईल असं गृहीत धरते. वेग बारा किंवा तेराचा ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) नवख्याने फेकला तर तो तेवढा वेग देऊच शकत नाही, म्हणून डिस्क लगेच वळून आपटते. इथपर्यंत तुम्ही बरोबर. पण झोनचा वेग चार आहे. तीस-चाळीस मीटरच्या अप्रोचला लागणारा जोर बहुतेकांच्या हातात असतोच. तिथे झोन वळते ती मुख्यतः तिच्या घडणीमुळे.

घडण म्हणजे काय, ते भोवऱ्यावरून बघा. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूने ढकललं तर तो त्या बाजूला पडत नाही, काटकोनात कलतो. डिस्कचंही तेच. वेगात असताना हवेचा दाब तिचं नाक खाली दाबू पाहतो, आणि ती एका बाजूला कलते. वेग ओसरला की दाबाचा मध्य पुढे सरकतो, नाक वर उचललं जातं आणि ती दुसऱ्या बाजूला कलते. ओव्हरस्टेबल डिस्कची कड अशी घडवलेली असते की पहिला कल जवळपास होतच नाही, दुसरा मात्र ठरल्यासारखा होतो. आमच्या घरी या डिस्कला ‘हट्टी’ म्हणतात. ओव्हरस्टेबलपेक्षा मला तोच शब्द बरा वाटतो.

हा हट्ट कुठे कामाला येतो? समोरच्या वाऱ्यात. तुम्ही ताशी 60 किलोमीटरने फेकली आणि समोरून 25 चा वारा असला, तर डिस्कला हवा 85 ची लागते. एव्हिएरसारखी सरळ जाणारी डिस्क अशा वेळी भलतीच उलटी कलते आणि वारा पोटात घेऊन कुठल्या कुठे तरंगत जाते. झोन तेवढी बधत नाही. पाठीमागून वारा असेल तर प्रकरण उलटं: झोन लवकर कलंडून खाली बसते, तेव्हा मी तिला बॅगेतच ठेवतो.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहायला हवं होतं, ते मीच कबूल करतो. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा डी लाव्हिएगा हा कोर्स डोंगरउताराचा. तिथे एका उतारावरच्या बास्केटकडे मी झोन फोरहँडने फेकली. वळली अगदी हवी तशी, बास्केटपासून हातभर अंतरावर टेकली. टेकली ती कडेवर. उभी राहिली, क्षणभर विचार केला आणि गाडीच्या चाकासारखी उताराने खाली निघाली. वाळक्या पानांत ती शोधून वर येईपर्यंत धाप लागली होती. शेवटी इतकी कलणारी डिस्क उतारावर कडेनेच उतरते, हे मागच्या लेखात यायला हवं होतं. अशा जागी मला कास्टाप्लास्टची बर्ग आवडते. 1, 1, 0, 2: तरंगणं जवळजवळ नाहीच, पडते तिथे बसते. पण तिला जोराने फेकावं लागतं, त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

राहिला पहिला मुद्दा, हाताच्या वळणाचा. बॅकहँडपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फेकताना मनगट वाकडं झालं, डिस्क चुकीच्या कोनात सुटली, तर एव्हिएर ती चुगली लगेच करते. झोन ती चूक पोटात घालते, म्हणून शिकणाऱ्याला आपलं काय चुकतंय ते कळत नाही. बॅकहँड शिकायला सरळ पटरच घ्यावा. दहा मीटरच्या आतलं पटिंगही त्यानेच. मीही झोनने पट करत नाही.

पण फोरहँडचं काय? नवख्याच्या फोरहँडमध्ये फिरकी कमी आणि लटपट जास्त. सरळ जाणारा पटर त्या लटपटीने लगेच उलटतो, माणूस वैतागतो आणि ‘मला फोरहँड जमत नाही’ म्हणून सोडून देतो. मी स्वतः दोन वर्षं तसाच सोडून दिला होता. झोन हातात आली तेव्हा पहिल्यांदा डिस्क मला हवी त्या बाजूला पडली. झाडामागे अडकलेल्याला डावी-उजवी दोन्ही वाट एकाच डिस्कने मिळते, यासाठी मी ती सुचवली होती, बॅकहँड सुधारण्यासाठी नव्हे. मात्र लेखात हे वेगळं सांगितलं नाही, हा दोष माझाच.

आणि एक, प्लास्टिकबद्दल. स्वस्त प्लास्टिकची झोन घेऊ नका असं मी लिहिलं, त्यात तुम्हाला दुकानदारी दिसली. क्रिकेटचा चेंडू जुना झाला की वेगळा वागतो ना, तसंच हे. साधं प्लास्टिक झाडांवर आपटून कडेला झिजतं आणि हट्टी डिस्क हळूहळू सरळ होत जाते. कुणाला तेच हवं असेल तर स्वस्तातलीच घ्यावी. हट्ट टिकवायचा असेल तर महाग प्लास्टिक, एकच, पुरे.

लेखातलं ‘डावीकडे’ काढलं आहे. आता तिथे असं आहे: बॅकहँडला फेकणाऱ्या हाताच्या उलट बाजूला, फोरहँडला त्याच बाजूला. तुमच्या हाताने एकदा तपासून सांगा.