चिनी परवडली, फॉर्म नको!

एचएसके, म्हणजे चिनी भाषेची परीक्षा द्यायचीय, गुन्हा केलाय का काही? आडनावाला एक चौकट, नावाला एक, मग वडिलांचं नाव कुठे कोंबू? पासपोर्टावर आहे ना ते! फोटो चढवला की म्हणे आकार मोठा. लहान केला की अस्पष्ट. तेवढ्यात देवगडात एक सर आली की वीज गुल, फॉर्म परत कोरा! मग रेंजसाठी छत्री घेऊन सड्यावर जा. बरं, बोलण्याची चाचणी यातच असेल? छे! ती एचएसकेके, तिचा मामला निराळा. एचएसकेच्या जुन्या पद्धतीत पहिल्या पातळीला १५० शब्द पुरायचे. त्याहून जास्त शिव्या मी फॉर्म भरताना घातल्या. त्याही अस्सल मालवणी! आणि एवढं करून केंद्र कुठे? मुंबईत. आता काढा कोकण रेल्वेचं वेटिंग!