विधी स्वयंसेवक केस लढवत नाहीत

‘शिवाजीनगर कोर्टातले विधी स्वयंसेवक थोडक्या पैशांत केस लढवतात,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. साफ खोटं. त्यांना कोर्टात युक्तिवाद करायचा अधिकारच नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये या स्वयंसेवकांची योजना आणली ती गरजू माणसाची मोफत वकिलाशी गाठ घालून द्यायला. अर्ज लिहून देणं, कुठले कागद जोडायचे ते सांगणं, येरवडा तुरुंगातल्या कच्च्या (खटला अजून न संपलेल्या) कैद्याच्या घरच्यांना सरकारी मदत समजावणं, ही त्यांची कामं. मानधन प्राधिकरण देतं. पक्षकाराने दमडीही द्यायची नाही. आणि हो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. नेमकं हेच मेसेजमध्ये कुणी लिहिलं नाही! चौकशीसाठी हेल्पलाइन १५१००.