कोळीण नंबर सहाचे बाबा

डिसेंबर लागला की शाळेच्या डायरीत चिठ्ठी येते: आपल्या पाल्याची वार्षिकोत्सवातील समूहनृत्यासाठी निवड झाली आहे. वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी बेचाळीसजणांची निवड झालेली असते, पण त्या खोलात शिरू नका. आधी पुण्याच्या आत्याला फोन लावा.

नाच कुठला, हे विचारायचंच नाही. भांगडा पंजाबचा, घूमर राजस्थानचं, गरबा गुजरातचा आणि महाराष्ट्राचे कोळी. आमच्या ग्वाल्हेरपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने हजार किलोमीटरच्या वर. जवळचं मोठं पाणी म्हणाल तर चंबळचं, आणि त्यात मगरी. तरीही दरवर्षी बारा कोळणी शाळेच्या मैदानावर वल्ही मारतात. त्यांतल्या तीन भदौरिया, दोन तोमर, एक जैन, बाकी गुप्ता आणि शर्मा. बारावी तुमची. म्हणजे या नाचाचे सांस्कृतिक सल्लागार आपसूक तुम्हीच झालात.

तेव्हा तालमीला जा आणि मॅमना सांगा की काष्टा असा नाही, असा. मॅम विचारतील, "सर, आप लोग कोली हैं?" इथे गडबडू नका. आपले पूर्वज 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली तेव्हा घोड्यावरून आले; होडीशी त्यांचा संबंध नव्हता. त्या छावणीचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं आणि आपण त्याच्या एका गल्लीत दोनशे वर्षं पोहणं न शिकता सुखात आहोत. समुद्र आपण एकदाच पाहिला, लग्नानंतर, अलिबागला, आणि तिथे माझी एक चप्पल वाहून गेली. हे सगळं मॅमना कशाला? "हमारे महाराष्ट्र में" अशी सुरुवात करावी, पुढचं आपोआप खरं वाटतं.

लुगडं भाड्याने आणायचं. आतल्या काठावर मार्करने 'कोली 6' लिहिलेलं असेल ते पाहून घ्या, कारण परत करताना नंबर जुळला नाही तर डिपॉझिट जातं. टोपली मात्र घरी करायची असते. आम्ही थर्माकोलचे आठ मासे कापले, त्यांना चंदेरी रंग दिला, खवले रेखले, डोळ्यांच्या जागी काळी टिकली लावली. टिकलीमुळे मासे जरा सवाष्ण दिसू लागले, पण उठून दिसत होते. आईने ते बघितले आणि म्हणाली, "हे देवघराच्या भिंतीला लागून नकोत हं ठेवू." मी म्हटलं, "अगं, थर्माकोल आहे." ती म्हणाली, "दिसतात ना मासे?" मासे चार दिवस जिन्यात राहिले.

आता थंडीचं. कार्यक्रम संध्याकाळी, उघड्यावर, आणि डिसेंबरात इथला पारा रात्री पाच-सहावर यायला वेळ लागत नाही. त्यामुळे ग्वाल्हेरची कोळीण ही जगातली एकमेव कोळीण आहे जी लुगड्याखाली गुलाबी इनर, त्याखाली अजून एक इनर आणि पायांत मोजे घालून मासळी विकते. प्रवेशाआधीच्या अर्ध्या मिनिटात आईने तिचा मफलर ओढून काढायचा असतो. कधीकधी तो राहतो. राहिला तर "वाऱ्याचं काय, समुद्रावर असतोच" असं शेजारच्या पालकांना सांगावं.

याच सुमारास तिकडे शहरातल्याच हजिरा भागात तानसेन समारोह भरतो. देशभरातले गवई तानसेनाच्या समाधीपाशी हजेरी लावून जातात. ख्यालगायकीतलं सगळ्यात जुनं घराणं आपलं, ग्वाल्हेरचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला एवढी पायपीट करून इथवर आले आणि गुरूच्या दारात वर्षानुवर्षं राबले. 1918 साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या साथीने इथे संगीत विद्यालय काढलं. 2023 मध्ये युनेस्कोनेही संगीताचं शहर म्हणून शिक्का मारला. यातली एकही मैफल आपण ऐकलेली नसली तरी हरकत नाही. आत्याला फोनवर एवढंच म्हणायचं, "शेवटी ग्वाल्हेरचं पाणी आहे." मुलीची तालीम अकरा दिवसांची, तीही शेवटच्या तासाला, हा तपशील फोनवर नीट ऐकू जात नाही.

समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी इथली जुनी समजूत आहे. तो मुलीला देऊ नका. तिचं गाणं रेकॉर्डवर वाजणार आहे. पाला तुम्ही खा. "भाईसाहब, बैठ जाइए!" हे तुम्हाला तीन तास वेगवेगळ्या सप्तकांत म्हणायचं आहे.

खुर्च्या चार वाजताच धराव्यात. रुमाल टाकून भागत नाही, रुमाल उचलले जातात. गजकाचा, म्हणजे इथल्या तिळाच्या मिठाईचा, डबा ठेवा; डबाही उचलला जातो, पण निदान कोणी उचलला ते तोंडावरून कळतं. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा येतील, वाऱ्याने समई तीनदा विझेल, प्राचार्य अहवाल वाचतील. या काळात फोनची बॅटरी वाचवा.

नाच पावणेचार मिनिटांचा असतो. तो डोळ्यांनी बघण्याची चूक करू नका, डोळ्यांना झूम नसतो. दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरा. मागचे ओरडतील, ते त्यांचं काम आहे. मात्र कोणाला टिपताय याची खात्री असू द्या. गेल्या वर्षी मी डावीकडून तिसरी कोळीण सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपली, एक पाऊल सुटू दिलं नाही, आणि तिथल्या तिथे तीन ग्रुपवर टाकली. आत्याने लगेच लिहिलं, "अगदी आजीवर गेलीये!" घरी आल्यावर कळलं, ती भदौरियांची होती. आमची मागच्या रांगेत होती, होडीच्या पुठ्ठ्याआड. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. भदौरियांना सांगितलं, त्यांनी व्हिडिओ मागून घेतला, कारण त्यांच्याकडे जैनांच्या मुलीचा होता.

या वर्षी मी आधीच मॅमना भेटून, काष्ट्याच्या निमित्ताने, मुलीला नाचात पुढची रांग मिळवून दिली. पावणेचार मिनिटं हात हलू दिला नाही. चित्र इतकं स्वच्छ आलं की माशाची टिकलीसुद्धा दिसते.

कार्यक्रमानंतर मूल बाहेर येतं. काजळ गालावर उतरलेलं, टोपलीत आठाचे पाच मासे. ते काहीतरी भलतंच विचारतं, त्याची तयारी ठेवा. आमची म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला हात केला. तुम्ही केलाच नाही." लहान आहे, तिला काय कळतंय दोन्ही हात कुठे अडकले होते ते. वाद घालू नये. स्कूटरवर बसायच्या आधीच व्हिडिओ लावून दाखवावा. दोन मिनिटं दहा सेकंदांवर ती खरंच हात करते, थेट आपल्याकडे बघून, वल्ही मारायचं सोडून, आणि वाट बघत थोडा वेळ तसाच धरते. मागची कोळीण तिला धडकते.

पुढच्या वर्षी ट्रायपॉड घ्यावा. एक हात मोकळा राहतो.