शेकडा पाच

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

ऑफिसात जेवताना घराचा विषय निघाला. आमच्यातला एक मोमिनपुऱ्याचा पोरगा, पगार चांगला, पण होम लोन घेणार नाही म्हणे. इस्लाममध्ये व्याज हराम, म्हणून द्यायचं नाही अन् घ्यायचंही नाही. झालं! "मग राहा भाड्याने जन्मभर", "खात्यातलं व्याज आमाले दे ना बे" सुरू. तो शांतपणे म्हणाला, ते मी कुण्या गरजूला देऊन टाकतो, पुण्य म्हणून नाही, ते माझं नाहीच म्हणून. आणखी हशा. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. तेच खुपतंय दुपारपासून.

कारण आमचं घर बिनव्याजी पैशावर उभं आहे बाप्पा.

1997 च्या पावसाळ्यात नागपूरच्या गांधीबागेतल्या बाबांच्या शिलाईच्या दुकानात पाणी शिरलं, मशिनी गेल्या, गिऱ्हाइकांची कापडं गेली. सावकाराचा भाव शेकडा पाच, महिन्याला! म्हणजे वर्षाचे साठ टक्के. बाबा आईच्या पाटल्या घेऊन निघालेच होते, तर शेजारच्या अस्तर-बटनवाल्या चाचांनी अडवलं अन् 35 हजार हातावर ठेवले. कर्ज-ए-हसना म्हणाले. वर एक पैसा नाही. पण वहीत लिहिलं, दोन साक्षीदार बसवून. आई चिडली, इतका घरोबा अन् विश्वास नाही? चाचा म्हणाले, "भाभी, शक की बात नहीं, कुरान का हुक्म है, उधार लिखके दो."

तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली हे कीर्तनात ऐकताना आपण माना डोलावतो ना? मग तो पोरगा तेच बोलला तर हसू काहून येते? विदर्भात राहून व्याज काय करते हे मी तुम्हाला सांगू?

अन् हे काही जुनाट खूळ नाही. इजिप्तमधल्या मित घम्र गावात 1963 ला बिनव्याजी बचत बँक निघाली, नफा-तोट्यात भागीदारी. ब्रिटनच्या सरकारनं 2014 ला 20 कोटी पौंडांचे सुकूक काढले, म्हणजे रोखेच, पण व्याजाऐवजी सरकारी इमारतींचं भाडं. आपल्याकडे रघुराम राजन समितीनं 2008 लाच बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, अन् 2017 ला रिझर्व्ह बँकेनं विषय गुंडाळला, कारण काय तर बँकिंगच्या समान संधी सगळ्यांना आहेतच. आहेत ना, त्या पोराला विचारा.

बरं, मान्य, मुराबाहा नावाच्या बिनव्याजी व्यवहारात बँक वस्तू घेऊन नफा चढवून हप्त्याने विकते, ते बऱ्याचदा नाव बदललेलं ईएमआयच वाटते. हलालच्या नावावर लोकांना बुडवणारेही निघाले, बंगळुरूत 2019 ला झालंच. पण बुडवणारे कुठे नाहीत?

आता राग उतरतोय थोडा. चाचा आठवतायत. रमजानमध्ये गल्ला, माल, चाचींची चांदी, सगळ्याचा हिशेब मांडून अडीच टक्के जकात, म्हणजे गरिबांचा वाटा, काढायचे, पैशापैशासाठी पेन घासत. ताईच्या लग्नाच्या वर्षी बाबांना चार महिने हप्ता जमला नाही, तर म्हणाले, अडलेल्याला मुदत द्यायची हाही हुकूमच आहे. मग ईदला बाबांनी त्यांचा कुर्ता शिवला अन् शिलाई घेईनात. चाचांनी पैसे काउंटरवर आपटले. कर्ज चालू असताना फुकट कुर्ता घेतला तर तेही व्याजच झालं म्हणे! बाबा रुसले, दोन दिवस चहा बंद. एका कुर्त्याच्या शिलाईसाठी एवढा हट्ट! तेव्हा मलाही वेडेपणाच वाटला होता, खोटं कशाला बोलू.

2000 च्या दिवाळीआधी शेवटचा हप्ता गेला. चाचांनी वहीतलं पान फाडून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते खिशात घातलं, गळ्यातली टेप काढली अन् म्हणाले, चला, आता सरळ उभे राहा, माप घेऊ द्या.